गरिबाचा लायका

पहिला कॅमेरा घ्यायचा म्हटले की माणूस आधी खिसा चाचपतो आणि मग दुकानाच्या काचेकडे पाहतो. आज तर फोटो काढण्यासाठी कॅमेरा घ्यायचेही कारण उरलेले नाही. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. तरीदेखील कॉलेजातली काही मुले फिल्मचा जुना कॅमेरा हवा म्हणून विचारीत येतात, आणि त्यातही रेंजफाइंडर हवा म्हणतात. नाव ऐकलेले असते लायकाचे. किंमत ऐकली की चेहरा उतरतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, याच्यासारखा, पण स्वस्त, असा काही मिळतो का?"

मी इतिहासाचा अध्यापक, यंत्रांचा जाणकार नव्हे. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे असे माझे मत आहे. "याच्यासारखा, पण स्वस्त" हेच तीन शब्द मनात धरून जर्मनीबाहेर निदान दोन देशांनी आपला कॅमेऱ्यांचा धंदा उभा केला. आज मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जुना कॅमेरा हाती येतो, तेव्हा या उद्योगांपैकी कोणाचे तरी अपत्य आपल्या हातात असते. ते कोणत्या घरचे आहे हे ठाऊक असले, तर घासाघीस करतानाही उपयोग होतो.

प्रथम रेंजफाइंडर म्हणजे काय ते पाहू. तोंडापुढे एक बोट धरा. उजवा डोळा मिटा, मग डावा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारते. बोट जवळ आणा, उडी मोठी होते. दूर न्या, लहान होते. म्हणजे दोन डोळ्यांतले अंतर ठाऊक असेल तर उडीच्या मापावरून बोटाचे अंतर सांगता येईल. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला, तो याच तत्त्वावर. ग्लासगोच्या बार आणि स्ट्राउड या जोडीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धनौकांसाठी अंतरमापक केले, तेही याच तत्त्वावर. कॅमेऱ्यात पायारेषा काही सेंटिमीटरांची असते, एवढाच फरक. दोन लहान खिडक्या, आत एक अर्धपारदर्शक आरसा आणि एक फिरता आरसा किंवा लोलक. डोळा लावला की मधल्या चौकोनात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवायची. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले.

पायारेषा जितकी लांब तितके मोजमाप बिनचूक. हे वाक्य लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी कामाला येईल.

आता थोडे मागे जाऊ. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो ज्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चित्रित झाला होता, त्याच रुंदीची फीत घेऊन साधारण त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलार गावी ऑस्कर बारनाक नावाचा एक यंत्रज्ञ खटपट करीत होता. तो एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याला दम्याचा विकार. काचेच्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नसे. सिनेमाच्या फितीवरचे चित्र १८ गुणिले २४ मिलिमीटरचे. बारनाकने फीत आडवी धावू दिली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. २४ गुणिले ३६ हे माप तेव्हापासून चालत आले, ते आजही चालू आहे.

मध्ये महायुद्ध आले, मग चलनवाढ आली. १९२४ साली दुसरे एर्न्स्ट लाइट्झ यांनी सहकाऱ्यांच्या शंका बाजूला सारून हा धोका पत्करायचे ठरविले आणि १९२५ च्या लाइप्झिगच्या वसंत जत्रेत लायका लोकांपुढे आला. 'लाइट्झ' आणि 'कॅमेरा' या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव झाले. त्या पहिल्या लायकात अंतरमापक जोडलेला नव्हता. तो वेगळा घेऊन वर खोचायचा, आकडा वाचायचा आणि भिंगावर लावायचा. १९३० साली भिंग काढून बदलण्याची सोय झाली. ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे असलेले हे स्क्रू-माउंट म्हणजे आपल्या गोष्टीतले महत्त्वाचे पात्र आहे. १९३२ साली लायका दोन आला आणि त्यात भिंगाची कडी व अंतरमापक यांची यांत्रिक जोडणी झाली. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने कॉन्टॅक्स काढला. त्याची पायारेषा लांब होती, शटर कापडाऐवजी धातूच्या पट्ट्यांचे होते आणि लुडविग बेर्टेले याने आखलेली झोनार भिंगे त्यावर बसत. १९३६ च्या दुसऱ्या कॉन्टॅक्सात दृश्य पाहण्याची आणि अंतर जुळवण्याची खिडकी एकच झाली. लायकावाल्यांना ही सोय मिळायला १९५४ साल आणि एम-३ उजाडावा लागला.

या दोन घराण्यांची भांडणे रसिकांनी पुष्कळ चघळली आहेत. आपण त्यात नको शिरायला. एवढेच ध्यानात घ्यायचे की दोन्ही कॅमेरे अतिशय महाग होते. नोकरदार माणसाने ते काचेबाहेरून पाहावेत, अशीच त्यांची किंमत होती.

आता टोकियोला चला. गोरो योशिदा नावाचा एक तरुण सिनेमाच्या यंत्रांची दुरुस्ती करीत असे. त्याने एक लायका मिळवला आणि स्क्रू काढून तो साफ उघडला. आत काय होते? हे पुढे त्यानेच सांगितले आहे: हिरेमाणके काही नव्हती, पितळ होते, ॲल्युमिनियम होते, लोखंड आणि रबर होते. एवढ्या साध्या वस्तू एकत्र केल्या की त्यांची एवढी मोठी किंमत होते, याचा त्याला संताप आला. मला या संपूर्ण इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. एका माणसाने महाग वस्तूच्या पोटात डोकावून पाहिले आणि आत कसलीही जादू नाही, हे त्याला कळले. योशिदाच्या हिशेबात एक गोष्ट मात्र धरलेली नव्हती, ती म्हणजे ती पितळाची तबकडी मिलिमीटराच्या शतांशापर्यंत अचूक कातणारा हात. तो हात तयार करायला जपानला पुढची वीस वर्षे लागली.

योशिदा आणि त्याचे साथीदार यांनी १९३३ साली टोकियोत एक लहानशी प्रयोगशाळा काढली. १९३४ साली त्यांनी आपल्या नमुन्याच्या कॅमेऱ्याची जाहिरात केली. नाव ठेवले 'क्वानॉन'. भिंगाचे नाव 'कश्यपा'. ऐकल्यासारखे वाटते ना? क्वानॉन म्हणजे जपानी बौद्धांची करुणेची देवता, अर्थात आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तो हाच. आणि कश्यपा म्हणजे बुद्धाचा शिष्य महाकाश्यप. बाजारात जाताना या नावाचे 'कॅनन' झाले. १९३६ साली जो 'हान्सा कॅनन' विक्रीला आला, त्याचे भिंग मात्र निप्पॉन कोगाकु या कंपनीचे होते. म्हणजे पुढे ज्यांची आयुष्यभर स्पर्धा झाली, त्यांतल्या निकॉनच्या घरचे भिंग कॅननच्या पहिल्या बाळाच्या अंगावर होते.

सोव्हिएत देशातली गोष्ट याहून वेगळी, आणि ऐकताना थोडी अवघडही. युक्रेनमधल्या खारकोव्हजवळ अनाथ आणि भटक्या मुलांसाठी एक वसाहत होती. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेले अंतोन माकारेन्को तिचे चालक. श्रमातून शिक्षण हे त्यांचे सूत्र. पण ती वसाहत गुप्त पोलिसांच्या खात्याने उभारलेली होती आणि तिला नाव होते त्या खात्याच्या संस्थापकाचे: फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की. ही मुले आधी विजेवर चालणारी भोके पाडायची यंत्रे बनवीत. १९३४ पासून ती लायका दोनची नक्कल बनवू लागली. झेर्झिन्स्कीच्या तीन आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचे नाव पडले 'फेड'. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पोरांनी जर्मनीतल्या कुशल कारागिरांचे काम करून दाखवावे, ही गोष्ट मोठी खरीच. आणि ज्याच्या नावाने लोकांचा थरकाप व्हावा असे नाव त्या कॅमेऱ्याच्या कपाळी असावे, हेही तितकेच खरे. जुना फेड हाती घेताना या दोन्ही गोष्टींचे वजन त्यात असते.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याची फिरवाफिरव केली. तिकडे जर्मनीत माणसांचे हाल आधीच सुरू झाले होते. झाइस इकॉनचे प्रमुख एमानुएल गोल्डबर्ग यांना ते ज्यू म्हणून १९३३ साली नाझींनी पळवून नेले. सुटका होताच त्यांनी देश सोडला. लाइट्झ यांनी अनेक ज्यू नोकरांना परदेशी धाडून वाचविले, आणि त्यांच्याच कारखान्यात युद्धकाळात परदेशी माणसांकडून सक्तीचे श्रमही करून घेतले गेले. युद्ध संपल्यावर दोस्तांनी जर्मन पेटंटे खुली केली. मग काय! इंग्लंडात रीड, अमेरिकेत कार्डन, जपानात निक्का आणि लिओटॅक्स, सगळीकडे लायकाची भावंडे जन्माला आली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९४८ पासून 'झोर्की' निघू लागला. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री तर युद्धभरपाई म्हणून थेट कीव्हच्या आर्सेनाल कारखान्यात नेण्यात आली. तिथे तयार झालेला पहिला 'कीव्ह' कॅमेरा म्हणजे नाव बदललेला कॉन्टॅक्सच. सुरुवातीच्या नगांत भागसुद्धा जर्मन होते. झोनार भिंगाचे रशियात 'ज्युपिटर' झाले.

अशा तऱ्हेने ड्रेस्डेन आणि येनाचे ज्ञान पराभवाच्या वाटेने स्वस्त झाले. झोर्की-४ हा एकच नमुना १९५६ ते १९७३ या काळात सुमारे १७ लाख इतका निघाला. आज तो स्वस्तात मिळतो याचे कारण हेच.

जपानचे भाग्य कोरियाच्या युद्धात उजळले. 'लाइफ' मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५० साली टोकियोत होता. निक्कोर भिंगाने काढलेला फोटो पाहून तो चकित झाला आणि तीच भिंगे आपल्या लायकावर लावून कोरियाला गेला. त्याची चित्रे पाहून न्यूयॉर्ककरांनी भिंगाची चौकशी सुरू केली. जपानी माल म्हणजे हलका माल, ही समजूत तिथून सुटू लागली.

आपल्याकडचा संबंध सांगायचा तर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा सांगावा लागेल. १९३२ साली लायका घेतलेला हा फ्रेंच माणूस स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थानात हिंडत होता. ३० जानेवारी १९४८ च्या दिवशी त्याने बिर्ला भवनात गांधीजींची भेट घेतली. त्यानंतर थोड्याच वेळात ती घटना घडली. रात्रीच्या अंधूक उजेडातली आणि अंत्ययात्रेच्या गर्दीतली त्याची चित्रे जगभर गेली. लहान, आवाज न करणारा, अंधारात जुळवता येणारा कॅमेरा कशासाठी असतो, हे ती चित्रे पाहून कळते. आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या हाती मात्र रेंजफाइंडर सहसा पडला नाही. त्याच्या वाट्याला आला तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला साध्या भिंगाचा आग्फा क्लिक थ्री. अनेक घरांतले बारशाचे नि मुंजीचे फोटो त्याच्यावरचेच.

१९५९ साली निकॉन एफ आला आणि भिंगातूनच पाहायची सोय असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांनी पुढची बाजी मारली. व्यावसायिकांनी रेंजफाइंडर सोडला. तो घरगुती माणसांसाठी मात्र अधिकच स्वस्त झाला. १९६१ साली कॅननने भिंग न बदलता येणारा, आत प्रकाशमापक असलेला 'कॅनोनेट' काढला. जपानात त्याचा पहिला साठा काही तासांतच संपला. अमेरिकेचा अंतराळवीर जॉन ग्लेन १९६२ च्या फेब्रुवारीत पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याजवळ असाच एक कॅमेरा होता: मिनोल्टाचा हाय-मॅटिक, आन्स्को नावाने विकला जाणारा, एका औषधांच्या दुकानातून घेतलेला. १९६६ साली याशिका इलेक्ट्रो ३५ आला. यांपैकी कोणाच्याही भिंगाला आज नावे ठेवता येणार नाहीत.

हा झाला इतिहास. आता आपला विद्यार्थी, त्याचा खिसा आणि समोर मांडलेला हा सगळा पसारा.

पहिले त्याने हे ठरवावे की भिंग बदलता यायला हवे का. माझ्या मते दहांतल्या सात जणांना ते नको असते. फक्त तसे वाटत असते. त्यांनी कॅनोनेट क्यूएल-१७ किंवा ऑलिंपस ३५ आरसी यांसारखा जोडलेल्या भिंगाचा कॅमेरा घ्यावा. या दोन्हींचे शटर यांत्रिक आहे. विद्युतघट नसला तरी हाताने आकडे लावून काम चालते. याशिका इलेक्ट्रोचे तसे नाही. घट संपला की त्याला एकच वेग राहतो, सेकंदाचा पाचशेवा भाग. भिंग सुरेख, पण स्वभाव परावलंबी. शिवाय त्या काळचे घट पाऱ्याचे असत, ते आता मिळत नाहीत. कॅनोनेटसारख्यांत त्यांच्या जागी कानाच्या यंत्राचे जस्त-हवा घट चालवून घेतात, कारण त्यांचा दाब जुन्या घटांच्या जवळपास असतो.

ज्याला भिंग बदलायचेच आहे, त्याने फेड-२ पाहावा, ही माझी शिफारस. झोर्की-४ अधिक दिमाखदार आहे, त्याला सावकाश वेगही आहेत. परंतु त्याची पायारेषा ३८ मिलिमीटरांच्या आसपास, तर फेड-२ ची ६७. मघाचे वाक्य आठवा. अर्थात खिडकीतून प्रतिमा किती लहान दिसते, तेही हिशेबात घ्यावे लागते. पायारेषेला त्या प्रमाणाने गुणले की खरी ताकद कळते. फेडची प्रतिमा पाऊणपट, म्हणजे ६७ चे झाले ५०. तरीही तो पुढेच. सावकाश वेगांची चाके नाहीत म्हणजे बिघडायलाही तेवढे कमी. कीव्हची पायारेषा तर ९० मिलिमीटर, या बाबतीत तो लायकालाही मागे टाकतो; पण त्याच्या शटरच्या पट्ट्या कापडी फितींवर लोंबतात आणि त्या फिती तुटल्या तर दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. शिवाय उजव्या हाताचे बोट नकळत अंतरमापकाच्या खिडकीवर येते, ते दूर ठेवायची सवय करावी लागते. या रशियन मंडळींना आणखी एक पथ्य आहे. शटर चढवल्यावाचून वेगाची चकती फिरवायची नाही. विकणारा हे सांगत नाही.

चार पैसे अधिक असतील तर १९५९ चा कॅनन पी, किंवा जपानच्या कोसिना कंपनीने २००० साली काढलेला फोक्टलेंडर बेसा आर. दोघांनाही ते जुने ३९ मिलिमीटरचे आटे आहेत. बारनाकच्या वेळचे भिंग त्यांवर बसते, आणि एक पातळ कडी मध्ये घातली की तेच भिंग आजच्या लायका एम वरही बसते. म्हणून मी म्हणतो, पैसा कॅमेऱ्यापेक्षा भिंगात घाला. कॅमेरा बदलला तरी भिंग बरोबर येते.

पहिले भिंग ५० मिलिमीटरचेच असावे. कॅमेऱ्याची खिडकी त्याच मापाची असते. ३५ चे भिंग घेतले तर फेड-झोर्कीवर वेगळी खिडकी वर खोचावी लागते, तिचे पैसे निराळे. भरपूर उन्हात काम असेल तर इंडस्टार पुरे. ते स्वस्त आणि कणखर आहे. संध्याकाळी, घरात, देवळाच्या गाभाऱ्यात फोटो काढायचे तर एफ-२ चे ज्युपिटर-८ घ्या. ज्युपिटर लायकावर किंवा कॅननवर लावणार असाल, तर छिद्र पूर्ण उघडून जवळचा माणूस टिपताना अंतर किंचित चुकू शकते. रशियन भिंगांची मोजणी थोडी निराळी आहे. एफ-४ च्या पुढे ते जाणवत नाही.

घेताना काय पाहावे? भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीची कोळिष्टके आहेत का ते पाहा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. पाठीमागचे झाकण उघडून, भिंग काढून, शटरचे कापड दिव्याकडे धरा. त्यात सुईएवढी भोके दिसली तर समजावे की पूर्वीच्या मालकाने कॅमेरा झाकण न लावता उन्हात ठेवला होता. या कॅमेऱ्यांत आरसा मध्ये नसतो; भिंग सूर्याचे किरण थेट कापडावर एकवटते आणि ते जळते. आपल्या वैशाखातल्या उन्हाला तर त्यासाठी फार वेळ लागत नाही. मधला चौकोन फिका पडला असेल तर किंमत पाडून मागा. एखाद्या दूरच्या टॉवरवर भिंग अनंतावर लावून पाहा, प्रतिमा एकमेकींवर बसायला हव्यात. खालीवर सरकलेल्या असतील तर तेही दुरुस्तीचे काम.

आणि कोणी फार स्वस्तात 'जुना जर्मन लायका' दाखवला, त्यावर गरुड नि सोनेरी मुलामा असला, तर भिंग काढून आत वाकून पाहा. भिंगाला टेकणारा अंतरमापकाचा दांडा लायकात गोल चाकाचा असतो. तो पाचरीसारखा निमुळता दिसला, तर तो फेड किंवा झोर्की आहे, फक्त नाव खरवडून दुसरे कोरलेले. तसा तो वाईट कॅमेरा नव्हे. फेडच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्यावा.